परवाना एक, पण कायदा कुणाचा?

संपादक महाशय,

स.न.वि.वि.

आपल्या अर्थविषयक पुरवणीत युरोपातल्या फिनटेक, म्हणजे ॲपवरून पैशांच्या सेवा देणाऱ्या, कंपन्यांवरचा लेख वाचला. लेखाचा सूर असा, की तिकडे एका देशात परवाना काढला की सत्तावीस देशांचे दरवाजे उघडतात, मग वकिलांच्या फौजा कशाला पोसायच्या. आणि आपल्या सांगली-कोल्हापूरच्या पोरांनी तिकडच्या कंपन्यांची कामे घेताना कागदपत्रांचा बाऊ न करता धडक मारावी. यातले पहिले विधान जवळपास बरोबर आहे. त्यावरून काढलेली पुढची दोन्ही अनुमाने चुकीची आहेत आणि त्यांचा फटका कुणाला बसतो हे माझ्या टेबलावर रोज दिसते, म्हणून हे पत्र. लांबले आहे, कात्री लावायची तर जरूर लावा.

मी सांगलीत वकिली करते. उमेदीची वर्षे सहकार न्यायालय, पतसंस्थांची वसुली आणि न वटलेल्या चेकांचे 138 चे खटले यांत गेली. युरोपचा कायदा हा माझा विषय नव्हे आणि त्यावर मी मत देतही नाही. पण विश्रामबागेत माझ्या बहिणीच्या मुलाचे सॉफ्टवेअरचे छोटे ऑफिस आहे. एका युरोपीय पेमेंट कंपनीच्या प्रणालीतले काही भाग सांभाळायचे काम त्याला मिळाले. "मावशी, नुसती नजर टाक, उद्या सही करून पाठवायचंय," म्हणत त्याने एक गठ्ठा आणून टाकला आणि तिथून हे सुरू झाले. आता बेदाण्याचे व्यापारी, मिरजेचे वाद्य कारागीर, घरबसल्या परदेशी कामे करणारी मुले, कोणी ना कोणी असले कागद घेऊन येते. बहुतेक जण सही झाल्यावर येतात.

आधी परवान्याचे. युरोपीय संघात पेमेंट संस्था (लोकांचे पैसे इकडून तिकडे पोचवणाऱ्या) आणि ई-मनी संस्था (वॉलेटमध्ये डिजिटल शिल्लक ठेवणाऱ्या) यांच्यासाठी संघाच्या पातळीवरचे निर्देश आहेत. पेमेंट सेवांचा दुसरा निर्देश 2015 चा, तो 13 जानेवारी 2018 पासून लागू झाला. ई-मनीचा निर्देश 2009 चा. ई-मनी संस्थेला सुरुवातीचे भांडवल साडेतीन लाख युरो लागते, पेमेंट संस्थेला सेवेच्या प्रकारानुसार वीस हजारांपासून सव्वा लाख युरोपर्यंत. एका देशाच्या नियामकाने परवाना दिला की दुसऱ्या देशात नव्याने परवाना काढावा लागत नाही. आपल्या नियामकाकडे अर्ज द्यायचा; तो महिन्याभरात समोरच्या देशाच्या नियामकाला कळवतो, तो महिन्याभरात आपले म्हणणे मांडतो, आणि अर्जापासून तीन महिन्यांच्या आत निर्णय होतो. यालाच पासपोर्टिंग म्हणतात. आणि देश सत्तावीस नव्हे तर तीस, कारण नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन हेही याच व्यवस्थेत आहेत. इतकी सोय आपल्याकडे सहकारी पतसंस्थेला शेजारच्या जिल्ह्यात शाखा काढायलाही नसते, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे.

पण परवाना सीमेपलीकडे गेला म्हणून सगळा कायदा त्याच्याबरोबर जात नाही. संघाचा निर्देश म्हणजे प्रत्येक देशाने आपापल्या संसदेत कायदा करून अमलात आणायची गोष्ट. त्यात काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या असतात. दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या धंद्याला सामान्य ग्राहकासारखे संरक्षण द्यायचे की मोठ्या कंपनीसारखे वागवायचे, हे पेमेंटच्या निर्देशाने त्या त्या देशावर सोडले आहे. म्हणजे तीच कंपनी, तेच ॲप, तोच परवाना. पण सीमेच्या अलीकडच्या बेकरीवाल्याला एक हक्क आणि पलीकडच्याला दुसरा, असे होऊ शकते. जर्मनीत परवान्याशिवाय पेमेंट सेवा देणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय 2008 चा करारांच्या कायद्याविषयीचा रोम-1 नियम सांगतो की, कंपनी मुद्दाम जर्मनीतल्या ग्राहकाकडे धंदा मागायला गेली असेल, तर करारात, समजा, लिथुआनियाचा कायदा लिहिला तरी जर्मन कायद्याने त्या ग्राहकाला दिलेले सक्तीचे संरक्षण काढून घेता येत नाही. म्हणून "ग्राहक आपणहून आमच्याकडे आला, आम्ही गेलो नाही" हा बचाव तिकडे सारखा घेतला जातो, आणि जर्मन भाषेतली एक जाहिरात तो पाडू शकते.

ही विसंगती तिथल्या लोकांनाही खटकते. 2023 च्या जूनमध्ये युरोपीय आयोगाने पेमेंटचे बरेचसे नियम निर्देशातून काढून थेट लागू होणाऱ्या नियमात घालायचा प्रस्ताव मांडला तो त्यामुळेच. मनी लाँडरिंगविरोधी नियमांचेही तसेच: एकच नियमपुस्तक 10 जुलै 2027 पासून, आणि त्यासाठीची नवी संस्था फ्रँकफुर्टला. तोवर नव्या ग्राहकाची ओळख व्हिडिओवरून पटवून घेतलेली कुठे चालते, कुठे कोणत्या अटींवर, याची उत्तरे देशागणिक विचारावी लागतात.

लेखकाला जी वकिलांची फौज दिसते, ती हे काम करते. समजा लिथुआनियाची राजधानी विल्नियस, तिथली एखादी कंपनी जर्मनीत कार्ड, फ्रान्समध्ये उधारी आणि स्पेनमध्ये वॉलेट द्यायचे म्हणते. तिला प्रत्येक देशातल्या वकिलाला वेगवेगळे विचारावे लागते: आमचे उत्पादन तुमच्या कायद्यात नक्की कशात बसते, जाहिरातीत काय लिहिता येते, तक्रार कुणाकडे जाईल. तिकडे वकिलांनाही मोकळीक आहे. 1998 च्या निर्देशानुसार एका देशाचा वकील दुसऱ्या देशात जाऊन आपल्या मूळ पदवीच्या नावाने काम करू शकतो. तरी जाणता वकील आपल्या मताच्या पहिल्या पानावर लिहितो की, हे मत अमुक देशाच्या आजच्या कायद्यापुरते, अमुक कागद पाहून, अमुक गोष्टी गृहीत धरून, आणि ज्याच्या नावे लिहिले आहे त्याच्यापुरतेच. आमच्याकडे एका उद्योजकाने हे पान उलटून मला म्हटले, "एवढे पैसे घेऊन यांनी अंगाला काहीच लावून घेतलं नाही." मला उलट वाटते. ते पान वाचूनच कळले की मत त्याच्या नावे नव्हतेच; ते त्याच्या गुंतवणूकदाराला लिहिलेले होते आणि याच्या हातात नुसती प्रत होती. पुढे वाद झाला असता तर त्या प्रतीच्या जोरावर याला त्या वकिलाकडे बोट दाखवता आले नसते.

कंपनी नक्की काय आहे, बँक की तंत्रज्ञान कंपनी, हा प्रश्न पुस्तकी वाटतो. म्युनिकजवळच्या आशहाइम गावची वायरकार्ड ही जर्मन शेअर बाजारातल्या अव्वल तीस कंपन्यांत होती. 2020 च्या जूनमध्ये लेखापरीक्षकांनी सही करायला नकार दिला आणि ताळेबंदातले 1.9 अब्ज युरो, जे फिलिपिन्समधल्या खात्यांत आहेत असे सांगितले जात होते, ते तिथे नसल्याचे उघड झाले. आठवड्याभरात दिवाळखोरीचा अर्ज. तेव्हा जर्मन नियामकाने सांगितले की, समूह तंत्रज्ञान कंपनी म्हणून धरला होता, आमची थेट देखरेख होती ती फक्त त्यातल्या बँकेवर. मला त्यातला ब्रिटनमधला भाग जास्त बोलका वाटतो. वायरकार्डच्या तिथल्या उपकंपनीचे व्यवहार नियामकाने 26 जूनला गोठवले आणि तिच्या परवान्यावर चालणारी भलत्याच नावांची कार्डे आणि ॲप काही दिवस बंद पडली. घरभाडे, किराणा, पगार सगळे अडकले. ती कार्डे वापरणाऱ्या कित्येकांनी वायरकार्ड हे नावही ऐकलेले नव्हते. त्यांच्या फोनवर दुसरेच बोधचिन्ह होते. ॲप कुणाचे, परवाना कुणाचा आणि पैसे ठेवलेले खाते कुणाच्या बँकेत, ही उत्तरे तीन वेगळी असू शकतात.

सांगली-साताऱ्याच्या माणसाला हे शिकवायला नको. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे कवच असते, फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांपर्यंत, त्याआधी 1 लाख. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. काउंटर तसाच, पासबुक तसेच, व्याज अर्धा टक्का जास्त. फरक कळला तो पैसे अडकल्यावर, हे मी वसुलीच्या फायलींमधून पाहिले आहे. युरोपात बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकेमागे 1 लाख युरोपर्यंत हमी आहे. ई-मनी संस्थेच्या वॉलेटमधल्या शिल्लकीला ती हमी नाही. तिथे तजवीज वेगळी आहे: ग्राहकांचे पैसे कंपनीच्या पैशांपासून अलग खात्यात ठेवायचे किंवा त्यावर विमा अथवा हमी घ्यायची, आणि त्या पैशांतून कर्जे वाटायची नाहीत. पतसंस्थेशी तुलना इथेच थांबते, कारण पतसंस्था ठेवीतूनच कर्ज देते. तजवीज वाईट नाही. मात्र कंपनी बुडाली तर पैसे परत मिळायला वेळ लागतो, आणि हिशेब नीट ठेवले नसतील तर तूटही येते. आपल्या लेखात वॉलेटच्या शिल्लकीला "ठेव" म्हटले आहे. ती ठेव नाही.

आता भाच्याच्या गठ्ठ्याकडे येते. मूळ करार बरा होता. खरी गोम शेवटच्या जोडपत्रात होती. युरोपीय संघाचा डोरा नावाचा नियम, 2022 चा, 17 जानेवारी 2025 पासून लागू झाला आहे. बँका, विमा कंपन्या, पेमेंट आणि ई-मनी संस्था यांनी आपल्या संगणक व्यवस्थेची आणि ती पुरवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांची जबाबदारी कशी घ्यायची, हे त्यात आहे. हा नियम सांगलीतल्या ऑफिसला थेट लागू होत नाही. पण त्याचे तिसावे कलम युरोपातल्या कंपनीला बजावते की, पुरवठादाराच्या करारात अमुक कलमे असलीच पाहिजेत. त्यामुळे तो टपालाने येतो, जोडपत्र होऊन. काम कोणत्या देशातून होते, माहिती कुठे साठवली जाते, ठिकाण बदलायचे तर आधी कळवणे, बिघाड झाला तर मदत, नियामकाला सहकार्य, करार मोडण्याचे हक्क. आणि काम महत्त्वाच्या कार्यात मोडत असेल तर त्यावर आणखी: कंपनी, तिने नेमलेला माणूस आणि तिचा नियामक यांना जागेवर येऊन तपासणीचा विनाअट हक्क, आणीबाणीची योजना, आणि काम सोडताना ठरावीक काळ सेवा चालू ठेवणे.

भाच्याचे ऑफिस म्हणजे खाली भडंगाचे दुकान आणि वर दोन खोल्या. "मावशी, फ्रँकफुर्टचा माणूस जिना चढून इथं येणार?" येईल न येईल, पण हक्क लिहून दिलास, म्हटले. जागा भाड्याची. भाडेकरारात घरमालकाने परक्या माणसाला आत घ्यायला मनाई केली होती, म्हणजे एका करारातले वचन पाळायला दुसरा मोडावा लागला असता. आधी घरमालकाकडून पत्र घेतले. मग आणीबाणीची योजना पाहिली. ती त्याने इंटरनेटवरून उचललेली: चक्रीवादळ, हिमवादळ, दहशतवादी हल्ला, सगळे होते. पूर नव्हता! सांगलीत बसून. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. विश्रामबागेतले त्याचे ऑफिस कोरडे राहिले, पण गावभागातली दोन मुले कामावर येऊ शकली नाहीत, वीज गेली, रस्ते बंद, डिझेल मिळेना. हे सगळे योजनेत लिहायला लावले: पाणी किती फुटांवर गेले की लॅपटॉप घेऊन कुणी कुठे जायचे, पुण्यातल्या कोणत्या मित्राच्या ऑफिसात बसायचे, बॅकअप कुठे. त्या कंपनीच्या माणसाने ही योजना वाचून आणखी दोन चांगले प्रश्न विचारले. आधीच्या हिमवादळाच्या योजनेवर त्याने एकही विचारला नव्हता.

मग मुख्य प्रश्न लेखी विचारला: आमचे काम तुमच्या मते महत्त्वाच्या कार्यात मोडते का? कारण कंपनीने सगळ्याच पुरवठादारांना जड जोडपत्र सरसकट पाठवले होते. उत्तर आले, मोडत नाही. हलके जोडपत्र आले, विनाअट तपासणी गेली. राहिले ते नुकसानभरपाईचे कलम. युरोपातल्या नियामकाने कंपनीला दंड केला तर तो पुरवठादाराने भरून द्यावा, आणि त्याला मर्यादा नाही. विदासंरक्षणाच्या जीडीपीआर या नियमाखाली, जो 25 मे 2018 पासून लागू आहे, दंड दोन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या चार टक्के यांपैकी जे जास्त असेल तिथवर जाऊ शकतो. भाच्याचे सगळे संगणक आणि मोटारसायकल विकून त्यातले व्याजही निघणार नाही. कराराला आयर्लंडचा कायदा लावलेला होता. त्या कायद्यात असले कलम टिकते का, हे मी सांगू शकत नाही आणि सांगितलेही नाही. डब्लिनच्या एका वकिलाला नेमका तेवढाच प्रश्न, अर्ध्या पानात, संबंधित दोन कलमे जोडून पाठवला. "संपूर्ण करार तपासा" म्हटले की बिल फुगते. एक नीट प्रश्न विचारला की परवडते. त्याचे उत्तर हातात आल्यावर मर्यादेची बोलणी झाली आणि जबाबदारी वर्षाच्या मेहनतान्याइतकी ठरली. लेखकाला जो खर्च फुकटचा वाटतो तो हा.

आणि प्रश्न एकाच दिशेने जात नाहीत, हे लेखात अजिबात आलेले नाही. जीडीपीआरखाली युरोपीय संघाने भारताला पुरेशा संरक्षणाचा देश म्हणून मान्यता दिलेली नाही. त्यामुळे तिथल्या ग्राहकांची माहिती इथे यायची तर ठरावीक प्रमाण कलमे करारात घालावी लागतात. त्यांचा आताचा मसुदा जून 2021 चा आहे. शिवाय 16 जुलै 2020 च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर नुसती कलमे घालून भागत नाही. समोरच्या देशात सरकारला ही माहिती कोणत्या कायद्याने, किती सहज मागता येते, हे तपासून लिहावे लागते. त्या कंपनीच्या वकिलाने हेच विचारले होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 69 काय म्हणते, आदेश कोण काढतो, पुनर्विलोकन कोण करते, 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सरकारला सूट कुठे आहे. याचे उत्तर डब्लिनचा किंवा बर्लिनचा वकील कसे देणार? ते भारतातल्याच वकिलाने द्यायचे. भाच्याने त्या रकान्यात "लागू नाही" असे लिहून ठेवले होते. ते उत्तर मी लिहिले, आणि त्याच्या पहिल्या पानावर मीही लिहिले की हे भारतीय कायद्यापुरते.

मिरजेचे प्रकरण वेगळे. सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाहेरून विचारणा वाढली आहे. एका कारागिराने जर्मनीतल्या विद्यार्थ्याला तानपुरा पाठवला, पैसे एका युरोपीय वॉलेटमध्ये घेतले. थोड्याच दिवसांत खाते गोठले. पैशांचा स्रोत सांगा, कागद द्या. याने बिल पाठवले, भोपळ्यापासून तबलीपर्यंत कामाचे फोटो पाठवले, एक व्हिडिओही. उत्तर ठरलेले: "तपासणी चालू आहे." त्याचा संताप असा की, फोनवरची मुलगी काही म्हणता काही सांगत नाही. ती उद्धट नव्हती. मनी लाँडरिंगच्या संशयाची खबर दिली असेल तर ते ग्राहकाला कळू देणे युरोपात कायद्याने मना आहे, आपल्याकडेही तेच. त्यामुळे पुन्हा पुन्हा "कारण सांगा" म्हणण्यात अर्थ नसतो. लेखी तक्रार करायची; पेमेंटच्या निर्देशानुसार तक्रारीला साधारणपणे पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते, अपवादात्मक स्थितीत पस्तीस.

पण तक्रार कुणाकडे? परवाना एका बाल्टिक देशाचा, ग्राहक सेवा दुसऱ्याच देशात, करार तिसऱ्या देशाच्या कायद्याखाली. परवाना देणाऱ्या देशाच्या नियामकाच्या सार्वजनिक नोंदवहीत कंपनीचे नाव शोधले, तेव्हा कळले की ॲपचे नाव तिथे नाहीच. ती दुसऱ्या संस्थेची एजंट आहे. मग त्या मूळ संस्थेच्या नावाने पत्र गेले, कारागिराच्या मराठी पावत्यांचे इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडले. लाकूड कुठून घेतले, भोपळा कुठून आणला, तारा कुणाच्या, सगळ्याच्या पावत्या. पैसे सुटले. त्यात कायद्याचा भाग थोडा आणि पत्ता बरोबर असण्याचा जास्त होता.

त्याला मी दुसरेही सांगितले, ते त्याला आवडले नाही. निर्यातीचा पैसा परदेशातल्या वॉलेटमध्ये साठवून ठेवायचा नसतो. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, तो ठरलेल्या मुदतीत अधिकृत बँकेमार्फत देशात यावा लागतो आणि त्याचा दाखला लागतो. मधल्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2023 ला नियम केले, सप्टेंबर 2025 मध्ये त्यांची जागा नव्या एकत्रित निर्देशांनी घेतली; मर्यादा 25 लाखांची आहे. तेव्हा मधली कंपनी त्या नियमांखाली मान्यता मिळालेली आहे का, एवढे तरी बघावे. स्टेबलकॉइनमध्ये, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या आभासी चलनात, मोबदला घेणाऱ्या मुलांनी तर विशेष. युरोपात त्यासाठी मायका नावाचा नियम 30 जून 2024 पासून आला म्हणून आपल्याकडे ते परकीय चलन ठरत नाही, आणि परकीय चलन आले नाही तर सेवेची निर्यात म्हणून जीएसटीत मिळणारी सवलत धोक्यात येते. आपल्या सीएला विचारा.

वाद झालाच तर? इथे आमच्या वकील मंडळींतही गैरसमज आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ प्रमाणे ज्या देशांना आपण परस्पर मान्यता दिली आहे, त्यांच्या वरिष्ठ न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावून वसूल करता येतो. ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती त्या यादीत आहेत. जर्मनी, फ्रान्स नाहीत. म्हणजे लंडनच्या उच्च न्यायालयाचा हुकूमनामा आमच्या सांगलीतल्या विजयनगरच्या न्यायालयात दरखास्त होऊन येईल, पण बर्लिनचा आला तर त्यावर इथे नव्याने दावा दाखल करावा लागेल आणि परदेशी निकाल कधी मानायचा याच्या, त्याच संहितेच्या कलम 13 च्या कसोट्या लागतील. इथला छोटा पुरवठादार यावर खूश होतो, "मग मला काय भीती?" पण त्याचेही बिल तिकडे थकू शकतेच. म्हणून असल्या करारात मी लवादाचे कलम मागते. न्यूयॉर्कच्या 1958 च्या परिषदेमुळे लवादाचा निवाडा दोन्हीकडे तुलनेने सुकर चालतो. ठिकाण, भाषा आणि खर्च मात्र आधी ठरवावे. पॅरिसमध्ये तीन लवाद बसवण्याचे कलम आठ माणसांच्या ऑफिसने मान्य करणे म्हणजे वाद न घालण्याचे लिहून देणे.

परदेशी वकिलांना भारतात न्यायालयात उभे राहता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अधूनमधून येऊन आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला देण्यापुरती मुभा मान्य केली आणि बार कौन्सिलने मार्च 2023 मध्ये नोंदणीचे नियम जाहीर केले. त्यावरून आमच्या बाररूममध्ये "आता हे येऊन आपलं पोट मारणार" अशी चर्चा बरीच झाली. कलम 69 वर इंग्रजीत दोन पाने नीट लिहून देणारा कोण, अशी चर्चा झालेली मी ऐकली नाही. लॉ कॉलेजच्या मुलांना इंटर्नशिपला मुंबईला पाठवण्याऐवजी इथल्याच दहा ऑफिसांचे करार वाचायला बसवले तरी सहा महिन्यांत तयार होतील. जिल्हा वकील संघटना आणि सीए शाखा यांनी हे एकत्र करावे. जागा मी देते, चहा त्यांनी पाजावा.

जाता जाता एक दुरुस्ती, ती कृपया छापावी. आपल्या लेखातल्या चौकटीत युरोपभर चालणारा परवाना जिथे काढता येतो अशा शहरांत पहिले नाव लंडनचे आहे. ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला संघाबाहेर पडला आणि संक्रमणाचा काळ त्याच वर्षी 31 डिसेंबरला संपला. त्या दिवसापासून लंडनचा परवाना संघात चालत नाही. म्हणून तर तिथल्या कंपन्यांनी डब्लिन, विल्नियस, ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅम इथे जाऊन वेगळे परवाने काढले. ती चौकट वाचून कुपवाडच्या एका गृहस्थांनी लंडनच्या एका कंपनीमार्फत इटलीच्या ग्राहकांकडून पैसे गोळा करायचा बेत केला आहे. ते सोमवारी माझ्याकडे कागद घेऊन येणार आहेत. अजून सही केलेली नाही, असे फोनवर तरी म्हणाले.

आपली,
एक वकील, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)